आधी पाणी

आमच्या कंपनीत नवीन माणूस आला, मग तो केमिस्ट असो, अकाउंटंट असो की एसी दुरुस्त करायला आलेला असो, भोईर सर त्याला आधी लॅबमध्ये बोलवायचे. टेबलावर एका बीकरमध्ये पांढरट, मधासारखी सावकाश ओघळणारी पेस्ट असायची आणि शेजारी ग्लासभर पाणी. "जरा पातळ करून द्या," एवढंच सांगायचे आणि पाठीवर हात बांधून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे.

आता माणूस काय करणार? आमटी पातळ करतो तसं करणार. थोडं पाणी ओतायचं, ढवळायचं. पेस्ट आणखी घट्ट. म्हणून आणखी पाणी. मग चमचा हलेनासा व्हायचा. पाहुणा दंडाचा जोर लावायचा, घाम पुसायचा, आणि शेवटी बीकर उलटा धरला तरी थेंब पडायचा नाही, चमचा आत ताठ उभा. तेव्हा सर वळायचे आणि म्हणायचे, "अभिनंदन. पाणी घालून वडी पाडलीत."

माझीही पाडून झाली. एमएस्सीला पहिला वर्ग मिळवून मी मोठ्या तोऱ्यात आलेले, आणि पहिल्याच दिवशी हा उलटा बीकर हातात. माझं डोकं फिरलं. मी सरळ म्हटलं, "सर, हे रॅगिंग आहे."

"आहे," ते म्हणाले. "पण निरुपद्रवी. बसा, चहा सांगतो." आणि चहाच्या आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

आमची कंपनी डोंबिवलीच्या एमआयडीसीतली. शाम्पू, हॅन्डवॉश, भांड्यांचं लिक्विड बनवायचं आणि दुसऱ्यांच्या नावाच्या बाटल्यांत भरून द्यायचं. त्या सगळ्याचा कच्चा माल म्हणजे ही पेस्ट, टँकरनं यायची. ती पातळ करणं हे आमचं रोजचं काम, आणि त्यात एकच नियम होता: टाकीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात पेस्ट सोडायची. उलट केलंत तर टाकीभर वडी. सरांनी या नियमाचं असं काही करून टाकलेलं की तो सगळीकडे लागू पडायचा. प्लांटचे सुपरवायझर दळवी घरून भांडून आले की सर त्यांच्यापुढे ग्लास ठेवायचे, "आधी पाणी, दळवी. मग बोला." कस्टमर फोनवर ओरडायला लागला की रिसीव्हरवर हात ठेवून आम्हाला हळूच सांगायचे, "ह्याला कुणी पाणी विचारलेलं नाही."

असं का होतं, हे सांगायची त्यांची एक ठरलेली तऱ्हा होती. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्यावर जीव टाकतं, दुसऱ्याला पाण्याचं वावडं. म्हणून ही मंडळी पाण्यात एकटी राहत नाहीत, वावडंवाली टोकं आत लपवून घोळका करतात. "ठाण्याला टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीला गेलाहात ना?" सर विचारायचे. "पेस्टमध्ये पाणी कमी. तिथं हे सगळे थर करून राहतात, चादरीवर चादर घातल्यासारखे. थरावरून थर घसरतो, म्हणून पेस्ट वाहते. देवीच्या रांगा कशा, शेजारी शेजारी असल्या तरी सरकतात. आता अर्धवट पाणी घाला. थर मोडून लांब लांब काठ्या होतात आणि काठीला काठी खेटून बसते. सरकणार कुठे? ही तुमची वडी. भरपूर पाणी द्या, काठ्यांचे बारीक गोळे होतात आणि जो तो आपापल्या घरी मोकळा. म्हणून पेस्टला पाण्यात सोडायचं. मग ती थोडी थोडी, पटकन त्या खेटाखेटीतून पार होते. तिच्यावर पाणी ओतलंत तर सगळी गर्दी एकदम चौकात अडकते."

"आणि हे कळून शाम्पू जास्त खपतो का?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "पण अंघोळ करताना मजा येते."

त्यांचा खरा जीव मायक्रोस्कोपमध्ये होता. जुनाच, पण त्याला खाली-वर दोन खास काचा होत्या, अशा आडव्या-उभ्या लावलेल्या की नुसतं पाणी ठेवलं तर आत काळोख. त्याच काळोखात सर वडीचा कण ठेवायचे आणि आत निळे-पिवळे पंखे उलगडायचे. थरांची पेस्ट ठेवली की बारीक बारीक उजळ फुल्या. "वाहतं, पण रांग सोडत नाही, ते उजळतं," असं ते म्हणायचे. घड्याळातल्या, कॅल्क्युलेटरमधल्या काचेवर आकडे उमटवणारे ते द्रव-स्फटिक, त्यांचेच हे चुलते, हे सांगताना ते स्वतःच्या घरातलं लग्न सांगावं तसे खुलायचे. दिवसातून एकदा तरी कुणाला तरी हाक जायची, "या, या, आजची बघून जा." आम्ही कामात असायचो, वैतागायचो, आणि जायचो. गेल्यावर लवकर उठवत नसे, हेही खरंच.

याच मायक्रोस्कोपनं एकदा आमची मोठी ऑर्डर जवळजवळ घालवलीच होती. घोडबंदर रोडच्या ऑफिसातून एका कस्टमरचे क्वालिटी ऑफिसर पाहणीला आले. ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवून आलेला माणूस, आधीच तापलेला. सरांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि पाहुणचार म्हणून कोरड्या साबणाचा कण काचेवर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. "बघा."

साहेबांनी बघितलं आणि खुर्ची मागे सारली. "किडे आहेत ह्यात. वळवळतायत."

"गांडुळं म्हणा," सर आनंदानं म्हणाले. "पाणी प्यायली की वाढतात."

आमचे मालक जयेशभाई दारात उभे होते, ते भिंतीला टेकले. मी सरांच्या कोटाची बाही ओढत होते आणि ते मला म्हणत होते, "थांबा हो कर्णिकबाई, लांब होतायत." शेवटी साहेब ऑर्डर रद्द करायची भाषा करू लागले तेव्हा सर उठले, बेसिनवरची साबणाची वडी आणली, त्या साहेबांच्याच कंपनीची, आणि तिचा कण काचेवर ठेवला. त्यातूनही नळ्या वळवळत निघाल्या. पाणी आत शिरलं की थर फुगून गुंडाळले जातात, जिवंत वगैरे काही नसतं, हे सरांनी मग अगदी मन लावून समजावलं. साहेब परत खुर्चीत बसले आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत. जाताना फोन काचेला लावून त्यांनी व्हिडिओसुद्धा घेतला.

सर मूळचे कोलशेतचे, आगरी. वडील मिठागरात राबलेले. शेत गेलं, मिठागर गेलं, जागेवर टॉवर उभे राहिले आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावावर फ्लॅट आले. सरांना नोकरीची गरज काडीची नव्हती. तरी सकाळी गर्दीच्या उलट दिशेनं ठाण्याहून डोंबिवलीला यायचे, निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही. दरवर्षी मार्चमध्ये जयेशभाई त्यांना वर्षभराची मुदत वाढवून द्यायचे आणि दरवर्षी फेब्रुवारीपासून सरांचा चेहरा बारीक व्हायचा.

मी एकदा म्हटलं, "सर, घरी आरामात राहायचं सोडून कशाला हा त्रास?"

"आमच्या टॉवरचं गेट बघितलंयत तुम्ही?" त्यांनी विचारलं. "गेटवर प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. एकेका खुर्चीवर आमचा एकेक भाऊ. पांढरे कपडे, गळ्यात ही एवढी चेन. सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतात. वाईट नाहीत हो, सोन्यासारखी माणसं. मिठागरात एकेकानं दोघांचं काम केलंय. पण आता त्यांना विचारायला कुणाकडे काही नाही." मग म्हणाले, "माझी खुर्ची पण ठेवलीय त्यांनी. रिकामी आहे. मला तिची भीती वाटते, कर्णिकबाई."

एरवी सगळ्याची थट्टा करणारा माणूस, पण हे त्यांनी थट्टेत सांगितलं नव्हतं. त्यानंतर फेब्रुवारी आला की मलाच धाकधूक वाटायची.

प्लांटच्या दारात एक फळा होता. कुठल्या टाकीत काय आहे, ते रोज त्यावर लिहायचं आणि वाचल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, ही शिस्त सरांनीच लावलेली. न वाचता गेलेल्याला ते परत बोलावून मोठ्यानं वाचायला लावायचे. जयेशभाईंनाही लावलेलं.

त्या फेब्रुवारीत एक नंबरच्या, म्हणजे पेस्ट साठवायच्या टाकीची दुरुस्ती निघाली. संध्याकाळी पेस्टचा टँकर आला, तो दळवींनी तीन नंबरच्या टाकीत खाली करून घेतला आणि फळ्यावर ठळक लिहिलं. तीन नंबर म्हणजे मिश्रणाची टाकी. ती रोज सकाळी धुऊन रिकामी असायची. सर त्या संध्याकाळी दाताच्या डॉक्टरकडे जायचं असल्यामुळे लवकर निघालेले.

सकाळी मी पोचले तर प्लांटमध्ये नुसती शांतता. तीन नंबरचा ढवळणारा पंखा जागीच अडकलेला, मोटर जळाल्याचा वास, आणि टाकीच्या तोंडापर्यंत घट्ट, अर्धपारदर्शक वडी. टाकी छातीएवढी उंच आणि खोलीएवढी रुंद, म्हणजे वडी केवढी ते बघा. जयेशभाई लाल झालेले. "पाणी कोणी सोडला ह्याच्यात?"

सगळ्यांनी दळवींकडे बघितलं. दळवी पांढरे पडलेले. "मी फळ्यावर लिहिलं होतं," एवढंच परत परत म्हणत होते.

"मी सोडलं," मागून सर म्हणाले. "आलो, पाणी चालू केलं, पंखा चालू केला, चहा प्यायला गेलो. रोज करतो तसं. फळा वाचला नाही. झाकण उचलून बघितलं नाही."

जयेशभाईंना ते खरंच वाटेना. "भोईरसाहेब, दळवीला वाचवू नका हां."

"वाचवत नाही हो. दळवीनं लिहिलं होतं. वाचायचं माझं राहिलं."

ज्यानं आम्हा सगळ्यांना 'आधी पाणी' शिकवलं, त्यानंच पेस्टवर पाणी सोडलेलं. तेही 'आधी पाणी' ह्याच सवयीनं. आणि ते फेब्रुवारीत. सर मात्र टाकीवर वाकले, बोटानं वडी दाबून बघितली, चिमूटभर तोडली आणि म्हणाले, "एवढी मोठी मी जन्मात पाहिली नाही. थांबा, जरा बघून येतो." आणि लॅबकडे चालायला लागले. जयेशभाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

मी मागे धावले. "सर, लाज नाही वाटत?"

"वाटतेय," ते डोळा मायक्रोस्कोपला लावून म्हणाले. "फार वाटतेय. पण पंखे बघा कसले सुंदर आलेत. सगळ्या काठ्याच आहेत, म्हणजे उपाय एकच. कापायची आणि थोडी थोडी गरम पाण्यात सोडायची."

उपाय सोपा, पण कापणार कशानं? लोखंडी फावडी टाकीला आतून चरे पाडणार. टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे सरांनी आधीच बजावलं. काठावर उभं राहून लांब दांड्याच्या लाकडी हत्यारानं ओढायला हवं. सरांनी फोन काढला आणि त्यांची भाषाच बदलली. "गजू, बापासची फावरी माल्यावं हायत ना? मिठागराची? सगली घे नि ये. भावांना पन घे. आताच्या आता."

गजू म्हणजे गेटवरच्या खुर्चीतला चुलतभाऊ. पलीकडून आलेलं मलाही ऐकू आलं. "दादूस, काय जालं? मारामारी हाय का?"

"मारामारीच समज."

जेवायच्या सुट्टीला दोन मोठ्या काळ्या गाड्या गेटात शिरल्या आणि आमच्या वॉचमननं भीतीनं सलामच ठोकला. आतून सरांचे भाऊ उतरले, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात चेन, आणि गाडीच्या टपावरून मीठ ओढायची लांब दांड्यांची लाकडी फावडी. गजूशेठनी टाकीत डोकावलं. "येवरंच? आमी तर कोयते घेवून आलोय."

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चेनी काढून जयेशभाईंच्या केबिनमध्ये ठेवल्या गेल्या. भाऊ काठावर चढले आणि एका लयीत ओढायला लागले. फावडं आत, दाब, ओढ, बादलीत. त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मधूनच एकाला त्याच्या बापाची शिवी आठवायची आणि सगळे हसायचे. दळवी आणि आम्ही बादल्या नेत होतो, दोन नंबरच्या टाकीतल्या गरम पाण्यात सर त्या स्वतः सोडत होते, घाईनं बादली रिकामी करणाऱ्यावर खेकसत होते. जयेशभाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पोळ्यांच्या लाकडी उलथन्यानं काठ खरवडत होते. अकाउंट्सच्या बायकासुद्धा आल्या, खरवसाच्या वड्या पाडाव्यात तशा वड्या पाडत. दोन नंबरमध्ये पेस्ट विरघळत होती आणि संध्याकाळ व्हायच्या आत तीन नंबरचा तळ दिसला. माल वाया गेला नाही, त्याचं पुढे भांड्यांचं लिक्विड झालं.

गजूशेठ घामानं निथळत फरशीवर बसले होते आणि मी त्या माणसाइतका खूश चेहरा क्वचितच बघितलाय. "दादूस, परत कंदी बिगरवनार?" त्यांनी विचारलं.

जयेशभाई सगळ्यांसमोर म्हणाले, "भोईरसाहेब, मार्चचा टेन्शन घेऊ नका. मुदत वाढवली समजा." टाळ्या पडल्या. मला तर रडूच आलं.

"नको," सर म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

"रागावून नाही, जयेशभाई. आज मोटर जळाली, उद्या माणूस भाजेल. फळा वाचायची गरज नाही असं ज्याला वाटायला लागलं, त्यानं टाकीपाशी राहू नये. मी दुसऱ्याला हेच सांगितलं असतं."

मी खूप भांडले त्यांच्याशी. फळा मी वाचेन, झाकण मी उचलेन, तुम्ही लॅबमध्ये बसा, म्हटलं. ते हसून पाण्याचा ग्लास पुढे करायचे. मार्चच्या शेवटी नोकरी सोडून गेले. मी इतकी चिडलेले की निरोपसमारंभात भाषणसुद्धा केलं नाही. मला ती रिकामी खुर्ची दिसत होती, आणि तिच्यावर पांढऱ्या कपड्यांत सर.

दिवाळी झाल्यावर एकदा कोलशेतला गेले. रिक्षातून उतरतानाच गेटवरची खुर्ची दिसली. पांढरे कपडे, पाठ माझ्याकडे, मान गाड्यांकडे. जवळ गेले तर गजूशेठ.

"दादूस? तो कनचा हितं बसतोय," ते म्हणाले. "मागं गाल्यान हाय. आमाला पन बसू देत नाय. आता जरा टेकलो."

टॉवरच्या मागच्या बाजूला, तळमजल्याच्या गाळ्यात गावातल्या दहा-बारा बायका होत्या, आगरी, कोळी, टॉवरमधल्याही दोघी-तिघी. सरांच्या हाताखाली भांड्यांचं लिक्विड करत होत्या. आधी पाणी देऊन मला बसवलं, मग एक बीकर आणि ग्लास माझ्यापुढे ठेवून "जरा पातळ करून द्या" म्हणाल्या आणि सगळ्या एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी ग्लास खाली ठेवला आणि पोटभर हसले. एका टेबलावर तो जुना मायक्रोस्कोप होता. जयेशभाईंनीच टेम्पोतून पाठवून दिलेला, मला मात्र दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितलेलं. भिंतीला लाकडी फावडी टेकवलेली, दांडे ओले.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, भेट राहत गेली, आणि गेल्या वर्षी गणपतीनंतर सर गेले. गजूशेठनी कळवलं.

पण मला दिसतात ते त्या गाळ्यातले. त्या दिवशी माझ्या देखत त्यांनी नवीन घाणा लावायला घेतला. निळ्या पिंपावर एक पाटी टांगलेली होती, खडूनं लिहिलेली. अक्षर सरांचंच. ते पाटीसमोर शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले आणि खणखणीत वाचलं, "पिंप एक. आत काही नाही."

"काका, मगाशी तुमीच लिवलं ना?" एक बाई म्हणाली.

"मीच लिहिलं. म्हणून तर वाचतोय," सर म्हणाले. मग त्यांनी झाकण काढलं, चष्मा सावरला आणि खांद्यापर्यंत पिंपात वाकले. बाहेर नुसती पाठ आणि टाचा उचललेल्या चपला. आतून घुमत आवाज आला, "रिकामं आहे, कर्णिकबाई. सोडा पाणी."